नेटवर्क गल्लीत आहे, खोलीत नाही – मुंबईत 'सर्वांसाठी इंटरनेट' कसं होणार?

गोवंडीकर | सोमवार, रात्री १०:४०

गोवंडीत शिवाजीनगरला आम्ही चौघीजणी मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. सातवी ते दहावीची मुलं येतात. गेल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीला विज्ञानाच्या वहीचे फोटो शाळेच्या ग्रुपवर रात्री नऊच्या आत टाकायचे होते. फोन आईचा. आई कामावरून आठला येते, तेव्हा तो पोरीच्या हाती लागतो. वही पोटमाळ्यावर बसून लिहायची आणि फोटो पाठवायला जिना उतरून गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानासमोर जायचं, कारण फोटो तिथूनच जातात. आठ फोटोंना वीस मिनिटं लागली. वयात आलेली पोर रात्री वीस मिनिटं गल्लीच्या तोंडाशी उभी राहिलेली आईला खपत नाही, आणि आईचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

त्याच पोटमाळ्यावर व्हिडिओ मात्र चालतो. अडकत अडकत का होईना, दिसतो. फोनच्या कोपऱ्यात ५जी लिहून येतं. पत्र्यावर चढलं तर टॉवर दिसतो.

१ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं, तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई होती. आता ६जीची भाषा सुरू आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ मध्ये त्याची चौकट ठरवली. त्यात सहा मुख्य उपयोग सांगितले आहेत आणि 'सर्वत्र जोडणी' हा त्यांतला एक. मला तो शब्द वाचून बरं वाटलं, आणि लगेच ती पोरगी आठवली. त्या 'सर्वत्र'मध्ये पोटमाळा येतो का?

दुसरी गोष्ट फोन कुणाचा याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. आमच्या अभ्यासिकेत मुलींच्या हातात फोन सगळ्यात शेवटी येतो, आणि तो येईपर्यंत दिवसाचा डेटा भावाने संपवलेला असतो.

जाणकारांनी सांगावं. येत्या पाच-दहा वर्षांत जे काही येतंय त्यातलं काय या खोलीपर्यंत पोहोचेल? आणि तोवर आम्ही काय करायचं?

मनोरा | सोमवार, रात्री ११:५५

ताई, रेडिओ नेटवर्कच्या कामात मला पंधरा वर्षं झाली. तुमचं निरीक्षण फार नेमकं आहे. व्हिडिओ दिसतो पण फोटो जात नाही, यातच अर्धं उत्तर आहे.

टॉवरवरचा अँटेना दहा-वीस वॉट सहज फेकतो, ५जीचे नवे अँटेना त्याहून कितीतरी जास्त. तुमच्या फोनची कमाल ताकद साधारण २०० मिलीवॅट, म्हणजे एका वॉटचा पाचवा हिस्सा. टॉवरचा आवाज मोठा, तो भिंतीपलीकडेही ऐकू येतो. फोनचा आवाज बारीक, तो खोलीतच विरतो. त्यात ५जीच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास, यायला आणि जायला एकच वाट असते आणि ती वेळेनुसार वाटून घेतात. बहुतेक वेळ 'येण्या'ला दिलेला असतो, कारण लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. त्यामुळे सिग्नल कमजोर झाला की पहिलं मरतं ते पाठवणं. गृहपाठ, बँकेची कागदपत्रं, नोकरीचा अर्ज हे सगळं पाठवण्यातच येतं.

खोलीचं म्हणाल तर पत्रा. लहरी विटेतून थोड्या तरी झिरपतात, पत्र्यावरून उलट्या फिरतात. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, म्हणजे दारखिडकीतून शिरेल तेवढाच सिग्नल. पुनर्वसनाच्या नव्या इमारतीही फार वेगळ्या नाहीत. मिवानच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या सबंध काँक्रीटच्या भिंती आणि दोन इमारतींमध्ये हात लांबवला तर पोहोचेल एवढीच फट. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही तसा सिग्नलही पोहोचत नाही.

आणि कोपऱ्यातल्या ५जीवर जाऊ नका. नेटवर्कचा एक प्रकार ४जीच्या आधाराने चालतो. त्यात चिन्ह ५जीचं दिसतं आणि डेटा प्रत्यक्षात ४जीवरून वाहत असू शकतो. खरा आकडा बघायचा तर सेटिंग्जमध्ये फोनबद्दल, मग सिमची स्थिती. तिथे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, वजा आकडा दिसेल. वजा ८५ म्हणजे छान. वजा ११० च्या पुढे त्रास सुरू. या मापात तीसचा फरक म्हणजे हजारपट, म्हणजे वजा ११५ वाल्या खोलीत वजा ८५ वाल्या गल्लीच्या हजारावा भाग सिग्नल पोहोचतो. दहाबारा खोल्यांत दारात आणि आत असे आकडे लिहून घ्या. 'नेटवर्क नाही' या तक्रारीला कुणीही 'आहे' म्हणून उत्तर देतं. आकड्याला तसं देता येत नाही.

चाळकरी_लालबाग | मंगळवार, सकाळी ७:१०

मी वयाने मोठा, तांत्रिक कळत नाही. पण हे शहर फोनसाठी कसं तरसलंय ते पाहिलंय. आमच्या मजल्यावर वीस खोल्यांत एक फोन, मधल्या खोलीत, आणि हाक मारायला पोरं. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागत. माझ्या मुलाने मोबाइल घेतला तेव्हा आम्ही फोन वाजू द्यायचो आणि कट करून मजल्यावरच्या फोनवरून परत करायचो.

२६ जुलै २००५ मी विसरू शकत नाही. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस. मी कलिन्याहून चालत निघालो, पाणी कमरेला. खिशात मोबाइल होता आणि नुसता दगड झाला होता. कुर्ल्याला एका बाईंनी घरातला तारेचा फोन वायर ओढून जिन्यात आणून ठेवला होता. चाळीस-पन्नास माणसं रांगेत, प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, 'मी बरा आहे', आणि पुढच्याला द्यायचा. मनोरा, वेग किती वाढला ते मला सांगू नका. पुन्हा तसा दिवस आला तर ते चालणार आहे का, ते सांगा.

मनोरा | मंगळवार, सकाळी ९:२०

काका, मनापासून सांगतो, पूर्ण नाही. टॉवरला वीज लागते. बॅटरी काही तास टिकते, पुढे डिझेल जनरेटर, आणि तळमजल्यावर ठेवलेला जनरेटर पाण्यात गेला की संपलं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हाही हे अंगाशी आलं होतं. शिवाय सगळं शहर एकाच मिनिटाला फोन लावतं तेव्हा चालू टॉवरही कोंडतो.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजून सरकारी चाचणीचा संदेश आला होता, आठवतं? तो एकेका नंबरला पाठवत नाहीत. टॉवर एकदाच बोलतो आणि परिसरातले सगळे फोन ऐकतात, त्यामुळे कोंडीत अडकत नाही. 'कुर्ल्याकडे येऊ नका' हे आता लाखोंना एका क्षणी सांगता येईल. 'मी बरा आहे' हे उलट सांगायचं, ते मात्र अजून तितकंच अवघड. पुन्हा 'पाठवण्या'चाच प्रश्न.

सहा_बेचाळीसची_बदलापूर | मंगळवार, सकाळी ११:०५

ताईंची विद्यार्थिनी आणि मी एकाच बोटीत. दूरशिक्षणाने पदवी करतेय. अभ्यासाला माझ्याकडे वेळ म्हणजे लोकलमधले जाऊनयेऊन तीन तास. सुरुवातीला गाडीतच लेक्चर लावायचे. आता रात्री घरी उतरवून ठेवते, कारण कुर्ला ते दादर हातात फक्त गोल फिरणारं चक्र असतं. एवढ्या टॉवरांच्या शहरात असं का होतं?

मनोरा | मंगळवार, दुपारी १:३०

गर्दीच्या लोकलमध्ये चार-पाच हजार माणसं असतात. गाडी एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरली की एवढे सगळे फोन मिनिटभरात नव्या टॉवरच्या दारात उभे. समोरून दुसरी गाडी आली की दुप्पट. टॉवरची क्षमता समोर असलेल्यांत वाटली जाते, ती माणसागणिक नवी तयार होत नाही. त्यात डबा पोलादी. एसी लोकलच्या बंद काचांवर धातूचा पातळ थर असेल तर आणखी अडतं.

उपाय माहीत आहेत. रुळांच्या कडेने विजेच्या खांबांवर छोटे अँटेना जवळजवळ लावायचे. भुयारी मेट्रोत बोगद्याच्या भिंतीने एक खास केबल टाकतात, जिच्या अंगाला ठरावीक अंतरावर चिरा असतात आणि सिग्नल त्यांतून पाझरतो. बागेत ठिबक टाकतात ना, तसं. भाडं कुणी कुणाला किती द्यायचं, खांब कुणाचा, खोदायला परवानगी कोण देणार, यात वर्षं जातात. १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे, म्हणजे वायर आणि टॉवरसाठी जागा वापरायच्या परवानगीचे, नवे नियम देशभर लागू झालेत. रस्त्यावरचे खांब, बसथांबे अशा सार्वजनिक जागांवर छोटे सेल, म्हणजे छोटे अँटेना, लावायला त्यात वाट करून दिली आहे. माझ्या मते मुंबईचं पुढचं दशक ६जीपेक्षा या खांबांवर ठरेल.

नेटवर्कची क्षमता वाढवायचे मार्ग तीन. जास्त स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचे जास्त पट्टे, चांगलं तंत्र आणि जास्त जवळजवळ टॉवर. गेल्या पन्नास वर्षांत सगळ्यात जास्त फायदा तिसऱ्याने दिला आहे.

पिंपळपान_मुलुंड | मंगळवार, रात्री ९:१५

मी आमच्या सोसायटीचा सचिव. मनोरांच्या तिसऱ्या मार्गावर मला थोडं स्पष्ट बोलायचंय. आमच्या गच्चीवर टॉवर होता. भाडं चांगलं यायचं, त्यातून लिफ्टचा खर्च निघायचा. सातव्या मजल्यावर एक कॅन्सर निघाला. सर्वसाधारण सभेत बायका रडल्या, मीही गप्प बसलो, आणि टॉवर काढायचा ठराव झाला. आता खालच्या विंगेत कॉल लागत नाही म्हणून तेच सभासद मला पत्र लिहितात. जवळ जवळ अँटेना लावा म्हणता, पण त्या भीतीला मी काय उत्तर देऊ?

मनोरा | मंगळवार, रात्री १०:५०

साहेब, ज्या घरात आजार निघाला त्यांना कोणतंही गणित सांत्वन देणार नाही, हे आधी मान्य करतो. आता जे ठाऊक आहे ते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. १८०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरला ०.९२ वॉट आहे, आधी ९.२ होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवलं. म्हणजे पुरावा मर्यादित, पण विषय बंद केलेला नाही. हे लपवायचं कारण नाही.

आता दुसरी बाजू. टॉवर लांब गेला की फोन स्वतःची ताकद वाढवतो, आणि फोन आपल्या कानाला लागलेला असतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यात लहरींचा जोर चौथाई होतो, त्यामुळे तीस मीटरवरच्या अँटेनापेक्षा कानाजवळचा फोनच अंगाला जास्त देतो. छोटे अँटेना जवळजवळ असतील तर टॉवर आणि फोन दोघेही हळू बोलतात. सरकारचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल २०१७ पासून आहे, आपल्या भागातले टॉवर त्यावर दिसतात. पैसे भरून मोजणीही मागता येते. पुढच्या सभेआधी एकदा मोजून घ्या. मोजणीचा कागद सभासदांच्या हातात द्या आणि मग जो ठराव होईल तो होऊ द्या.

वेसावकर | बुधवार, पहाटे ५:०५

आम्ही वर्सोव्याचे. बंदर सोडल्यावर काही मैल फोन चालतो, पुढे नुसतं आभाळ. वादळाची खबर लागेपर्यंत होडी उलट फिरवायला उशीर झालेला असतो, हे आमच्या तीन पिढ्यांनी भोगलंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवायची योजना देशभर सुरू झाली, एक लाख नौकांसाठी. तंत्र इस्रोचं, उपग्रहावरून. दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जातात. आमच्या बाजूच्या तांडेलाच्या होडीवर बसलाय. घरी बायकोला आता कळतं, होडी कुठे आहे.

त्याच्यावर व्हिडिओ दिसत नाही. नको. 'परत फिर' एवढं दिसलं तरी माणूस घरी येतो. सगळ्यांना वेग पाहिजेच असं नाही, थोडकं पण खात्रीचं पाहिजे. इकडे कुणी ऐकणार असेल तर हे लिहून ठेवा.

धडगावची_लेक | बुधवार, सकाळी १०:४०

वेसावकर दादा, तुमचं वाक्य मी माझ्या बाबांना वाचून दाखवलं. मी ठाण्यात नर्स, माहेर नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे, सातपुड्यात. तिथे फोन करायला अजून टेकडीवर चढतात. गर्भारबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या की कुणीतरी टेकडीकडे धावतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम जिल्ह्यांची नावं आहेत. आमच्या जिल्ह्याचं नाव वाचून खूप बरं वाटलं. मनोरा दादा, याने खरंच होईल का?

मनोरा | बुधवार, दुपारी १२:१५

ताई, डोंगराळ भागाला हेच तंत्र साजेसं आहे. जुने दळणवळण उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. बोललं की उत्तराला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतं. हे नवे साधारण ५५० किलोमीटरवर, त्यामुळे बोलणं सहज होतं. डिश आरोग्य उपकेंद्रावर, शाळेवर, ग्रामपंचायतीवर लावायची आणि तिथून वायफाय वाटायचं. घराघरांत ती परवडेल असं मला वाटत नाही. साध्या फोनला थेट उपग्रह जोडायचं तंत्रही मानकांत २०२२ पासून आहे. आधी संदेश, मग बोलणं, असं ते टप्प्याने येईल. टेकडीवर न चढता 'कळा सुरू झाल्या' एवढं पाठवता आलं तर तुमचं अर्धं काम झालं.

मुंबईच्या खोलीला मात्र याचा उपयोग नाही. उपग्रहाला उघडं आभाळ लागतं. पोटमाळ्याला आभाळ नाही.

केबल_विक्रोळी | बुधवार, रात्री ११:३०

आता माझ्या धंद्याचं बोलतो. बावीस वर्षं केबल, त्यातली दहा इंटरनेट. गोवंडीच्या खोलीसाठी उत्तर वायरमध्ये आहे. फायबर गल्लीपर्यंत आणायचा आणि शेवटच्या वीस फुटांत वायफाय. मोबाइल टॉवरवर जेवढा भार कमी पडेल तेवढा चांगला.

९ डिसेंबर २०२० ला केंद्राने पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली. किराणावाला, चहावाला, कुणीही इंटरनेट विकू शकतो, परवाना नको, नोंदणी नको, फी नको. पूर्वी पीसीओ होते तसं, म्हणून अशा दुकानाचं नावच पीडीओ, पब्लिक डेटा ऑफिस, ठेवलंय. कल्पना मला फार आवडली होती. केंद्राच्या २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय ठिकाणं म्हटलं होतं, प्रत्यक्षात आकडा काही लाखांतच राहिला. कारण साधं. दुकानदाराकडून जोडणीचे पैसे मोठ्या कंपनीला लावतात तसे मागायचे. पाच रुपयाला डेटा विकून ते कसे निघणार? जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंत घरगुती जोडणीचा जो भाव त्याच्या दुपटीहून जास्त पीडीओकडून घेता येणार नाही. आता गणित थोडं जुळतं.

फुकटवर माझा विश्वास नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं फुकट वायफाय सुरू झालं, पुढे चारशेवर स्टेशनांवर गेलं. प्लॅटफॉर्मवर पोरं पुस्तकं घेऊन बसायची, मी पाहिलीत. २०२० मध्ये गुगलने हात काढून घ्यायचं जाहीर केलं. दुसऱ्याच्या मर्जीवरची गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीने जाते. गल्लीतल्या माणसाला त्यात चार पैसे सुटले तर तो रात्री बारालाही राउटर चालू करायला येईल.

सहा_बेचाळीसची_बदलापूर | गुरुवार, सकाळी ८:५०

मध्येच विचारते. बाजारात सिग्नल बूस्टर मिळतो, तो खोलीत लावला तर?

मनोरा | गुरुवार, सकाळी ९:१०

कृपया नको. परवानगीशिवाय तो बेकायदेशीर आहे आणि शेजाऱ्यांचं नुकसान करतो. तो टॉवरच्या कानाशी गोंगाट करतो, मग टॉवरला आजूबाजूच्या शंभर घरांचे बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. वायफाय असेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, देशात २०१९ च्या डिसेंबरपासून आहे. खोलीतून कॉल लागेल.

गोवंडीकर | रविवार, रात्री ९:३०

उशीर झाला, कारण आम्ही मोजत होतो. आठवी-नववीच्या सहा मुली, एक फोन, एक वही. चौदा खोल्या झाल्या. गल्लीच्या तोंडाशी वजा ८४. दारात ९५ ते १०२. आत, जमिनीवर, बहुतेक ११० च्या पुढे. पोटमाळ्यावर त्या मुलीच्या घरी वजा ११७. मुलींना डीबीएम म्हणजे काय ते मी फळ्यावर शिकवलं. एकीने विचारलं, 'मॅडम, मग हे घातांकच आहेत ना?' गेल्या महिन्यात तिला घातांक अजिबात कळत नव्हते. तक्ता करून तक्रारीला जोडला आहे. उत्तर यायचं आहे.

वेसावकर दादांचं 'थोडकं पण खात्रीचं' मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. आमची मागणी तेवढीच आहे. रात्री आठ ते दहा, आठ फोटो जातील इतकं, घराच्या आत. वेग किती ते मागाहून बघू.

पैशाचंही बघितलं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं रिचार्ज द्यायला लावलं. आजीच्या फोनला ते केलं तर घरातले थोडे पैसे वाचतात, ते मुलीच्या डेटाला लावता येतात. दोन घरांनी तसं केलं.

केबल दादा, किराणावाले तयार आहेत. त्यांचं म्हणणं, महिन्याचा खर्च निघाला तर पुरे. राउटर त्यांच्या माळ्यावर आणि दुसरा अभ्यासिकेत. तुमची वायर आमच्या गल्लीपर्यंत येईल का?

केबल_विक्रोळी | रविवार, रात्री १०:०५

माझी हद्द तिथे नाही. पण गोवंडी स्टेशनच्या बाजूला माझ्या ओळखीचा एकजण आहे, त्याचा फायबर नाल्याच्या अलीकडे येऊन थांबलाय. त्याला घेऊन येतो. बुधवारी सकाळी अकरा. शिडी लागेल, बारा फुटी, आणि मीटरच्या पेटीजवळ प्लगची एक जागा मोकळी ठेवा. मोजणीची वही पण काढून ठेवा, राउटर कुठे टांगायचा ते त्यावरून बघू.

गोवंडीकर | रविवार, रात्री १०:११

शिडी मशिदीजवळच्या मंडपवाल्याकडे आहे. सांगून ठेवते.